दाखला माहेरचा की सासरचा? पोलीस भरतीतला माझा अनुभव

परवा चुलत नणंदेचा फोन आला. "वहिनी, आठशे मीटरला तुझं टायमिंग किती होतं?" भरतीचा विषय निघाला की सगळ्या मुलींचं हेच सुरू होतं. टायमिंग, गोळा, खुराक. मी म्हटलं, टायमिंगचं मग बोलू, आधी तुझं नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा आरक्षणासाठीचा दाखला, निघालंय का ते सांग. ती हसली. मला काही हसू आलं नाही. रोज पहाटे पळून जे वजन उतरत नव्हतं, ते 2024 च्या मार्चमध्ये त्या एका कागदाने उतरवलं.

मागचं थोडक्यात सांगते. लग्नाआधी एकदा भरती दिली होती. तेव्हा आधी लेखी असायची, तिथेच गेले. मग लग्न झालं, मुलगा झाला. 17,471 जागांची जाहिरात आली तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता आणि मी सव्वीस वर्षांची. यांनी विचारलं, "द्यायची का?" सासूबाई चुलीकडून मान न वळवताच म्हणाल्या, "जाय वं बेटी, पोऱ्याले मी देखसू." घरच्यांच्या परवानगीचं प्रकरण एवढंच. बायकांना घरचे अडवतात असं सगळे धरूनच चालतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. मला घरच्यांनी नाही, खिडकीने अडवलं.

शासकीय नोकरीत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच) आहे, हे भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकीला पाठ असतं. ओपनच्या मुलींसाठी नॉन क्रिमिलेअरची अट 4 मे 2023 च्या शासन निर्णयाने गेली. आम्हा ओबीसींना मात्र ते लागतंच. माझं जुनं कॉलेजात असताना काढलेलं, त्याची मुदत कधीच संपली होती. मला वाटलं, नवीन काढायला काय, आठ दिवस.

भरतीचे अर्ज 5 मार्चला सुरू झाले, शेवटची तारीख 31 मार्च. मी सासरच्या तालुक्याला गेले. राहते तिथे, आधार तिथलं, रेशनकार्डात नाव तिथलं. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी माझा जातीचा दाखला उलटसुलट करून पाहिला. "ताई, जात बापाकडून येते. दाखला माहेरचा आहे ना? मग नॉन क्रिमिलेअर पण तिकडूनच." पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी तापी ओलांडून माहेरच्या तालुक्याला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ते किती उपयोगाचं, हे मला त्या महिन्यात कळलं. तिथल्या टेबलावर पहिला प्रश्न आला, "आधार कुठलं?" मी दाखवलं. "हे तर तिकडचं. मग इकडे कशाला आलात?"

(तालुक्यांची नावं लिहीत नाही. दोन्हीकडे मला अजून कामं पडणार आहेत.)

तरी आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ओळखीच्या सेवा केंद्रातून दाखल्याचा अर्ज टाकला. चार दिवसांनी मेसेज आला: त्रुटी. पतीच्या उत्पन्नाचा दाखला जोडा. हे टेम्पो चालवतात, त्यांचा उत्पन्नाचा दाखला सासरच्या तलाठ्याकडून काढायचा, म्हणजे परत नदी ओलांडा. तो जोडला. परत त्रुटी. नावात तफावत. दहावीच्या मार्कशीटवर, जातीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. "ही बाई आणि ती बाई एकच कशावरून?" असं त्या टेबलावरचे गृहस्थ माझ्याकडे बघून मला विचारत होते. मी म्हटलं, भाऊसाहेब, दोघी तुमच्यासमोरच उभ्या आहेत. ते हसले नाहीत. लग्नाचा दाखला मागितला. आमच्या लग्नात चारशे पानं उठली होती, पण ग्रामपंचायतीत नोंद करायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

म्हणून मुलींनो, हळद उतरायच्या आत ग्रामसेवकाकडे जा. ही टीप खरं तर पहिल्या ओळीतच द्यायला हवी होती.

तेवढ्यात 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ऑफिसात मतदार याद्यांचे गठ्ठे, माणसं ट्रेनिंगला, साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सला. मी विचारायचे, माझी फाईल? उत्तर ठरलेलं, "क्लार्कच्या डेस्कला आहे." दोन दिवसांनी, "साहेबांच्या लॉगिनला आहे." लॉगिन म्हणजे एखादी खोली असावी आणि तिला बाहेरून कडी घातलेली असावी, असं आप्पांना बरेच दिवस वाटत होतं. 25 ला धुळवड. 29 ला गुड फ्रायडे, मग शनिवार, रविवार. म्हणजे 28 चा गुरुवार हाच काय तो शेवटचा दिवस. त्या दिवशी मी सकाळी दहापासून बाहेरच्या बाकावर बसले. कूलर होता, त्यात पाणी नव्हतं. भिंतीवर लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 चा मोठा फलक, कोणती सेवा किती दिवसांत ते लिहिलेलं. त्याच्या बरोबर खाली, "साहेब आले की बघू."

हातात सामान्यज्ञानाचं पुस्तक होतं. त्यात एक ओळ होती: 2007 साली भारताने लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत फक्त महिलांची पोलीस तुकडी पाठवली, जगातली तशी पहिलीच. सीआरपीएफच्या बायका. मी ती ओळ दहा वेळा वाचली असेल. त्या समुद्रापार दुसऱ्या देशात बंदोबस्ताला गेल्या आणि मला तापीच्या अलीकडे कोणी घेईना, पलीकडे कोणी घेईना. पुढच्याच पानावर प्रतिभाताई पाटील. त्यासुद्धा 2007. आमच्या नाडगावच्या ताई राष्ट्रपती झाल्या, म्हणजे तिन्ही सैन्यदलांच्या सर्वोच्च सेनापती. 2009 ला पुण्याहून सुखोईत बसून आकाशात गेल्या. नवरा शेखावत, आणि यांचं नाव प्रतिभा देवीसिंह पाटील: मधलं नाव सासरचं, आडनाव माहेरचं. त्यांना कोणी विचारलं असेल का, ही बाई आणि ती बाई एकच कशावरून?

साडेपाचला शिपायाने खिडकी लावली. बसमध्ये रडले, लिहायला लाज कसली. छाती दुधाने भरून आली होती, पोरगं घरी.

त्याच आठवड्यात मुदत वाढून 15 एप्रिल झाली. मुदत वाढली नसती तर हा लेखही नसता.

मार्ग सापडला तो भलत्याच ठिकाणी. माहेरच्या स्टँडजवळ एका पोराचं छोटं केंद्र आहे, झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज सगळं एकाच टेबलावर. त्याने माझे तिन्ही टोकन नंबर टाकून पाहिले. म्हणाला, "ताई, तुम्ही अर्जदार कशाला झालात? अर्जदार आप्पांना करा. आधार त्यांचं, रेशनकार्ड त्यांचं, तीन वर्षांचं उत्पन्न त्यांचं. तुम्ही फक्त लाभार्थी, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या नावाने." त्याच्या बहिणीचं असंच अडकलं होतं म्हणे. माझं आधार मध्ये आलंच नाही, त्यामुळे तफावतही उरली नाही. तेच ऑफिस, तेच लॉगिन. पाडव्याच्या आदल्या दिवशी, 8 एप्रिलला संध्याकाळी मेसेज आला आणि प्रांतसाहेबांच्या डिजिटल सहीचा कागद पीडीएफमध्ये उघडला. आप्पांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी सही मोठी करून पाहिली. "व्हई गयं," एवढंच म्हणाले.

म्हणजे बापाने हात धरल्याशिवाय सव्वीस वर्षांच्या बाईचा कागद निघत नाही. यावर मला काय वाटतं ते लिहीत नाही, समजून घ्या.

तुमचंही असंच अडकलं तर त्रुटी तोंडी ऐकून घरी जाऊ नका. कारण लेखी मागा, तो अधिनियम त्यासाठीच आहे. मी तिसऱ्या वेळी मागितलं तेव्हा आवाजाचा सूर बदलला. पोचपावतीचा फोटो काढून ठेवा, थर्मलचा कागद उन्हात पांढरा होतो. आणि महिनाअखेरीला तर जाऊच नका.

मैदानी चाचणीचं लवकर आटपलं. मी पाटाच्या रस्त्याला हायस्कूलच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आठशे मोजून घेतले होते. चार किलोचा गोळा आणायला पैसे नव्हते, तापीतला एक गोल दगड किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला, चार किलो दीडशे ग्रॅम भरला. त्यावरच हात बसवला. त्याचा फायदा झाला, खरा गोळा हलका वाटला. जूनमध्ये पोलीस मैदानावर पहाटे चारला हजर. सासूबाई पोराला घेऊन बाहेर निंबाखाली. उंची 155 लागते, माझी 156 भरली. मोजणी सकाळी झाली तर बरं, दिवसभर उभं राहून माणूस थोडा खचतो. आठशे मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत आलं की 20 पैकी 20 असतात. मी 3 मिनिटं 4 सेकंद. हे नणंदेला अजून सांगितलेलं नाही. पळायच्या आधी बाहेर जाऊन पोराला पाजून आले, नाहीतर शंभर मीटरची धाव जमलीच नसती. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आयांनी टी-शर्टच्या आत रुमालाची घडी घालून जावं. हे कुठल्या अकॅडमीत शिकवत नाहीत.

लेखीचं काही सांगण्यासारखं नाही. लायबेरिया आलं नाही.

कागदपत्र तपासणीला परत तोच प्रश्न निघाला, नाव दोन कसे? तोवर माझ्याकडे लग्नाचा दाखला होता आणि नाव बदलल्याचं राजपत्रही. समोरच्या महिला हवालदारांनी दोन्ही पाहिले, टिक केली, "पुढची." पूर्ण दीड मिनिट.

निवड यादी लागली तेव्हा सासरच्या गावात कोणालाच माझं नाव सापडेना. यांच्या मित्राने फोन करून सांत्वनही केलं, "वहिनींचं थोडक्यात हुकलं." यादीत नाव माहेरचं होतं. आता दोन्ही गावांच्या चौकात माझं बॅनर लागलं, तिकडे एका नावाने, इकडे दुसऱ्या. फोटो मात्र दोन्हीकडे तोच, त्या पोराने स्टँडजवळच्या केंद्रात मोबाईलवर काढलेला, केस घामाने कपाळाला चिकटलेले.