आमची वाटचाल : धायरीची गोधडी आणि परदेशातली गिऱ्हाइकं

आमचं काम सुरू झालं ते सासूबाईंच्या जुन्या गोधडीमुळे. पुण्याच्या भीमथडी जत्रेत पहिल्यांदा स्टॉल घेतला तेव्हा टेबल झाकायला म्हणून ती अंथरली होती. मांडलेल्या पिशव्या राहिल्या बाजूला, लोक गोधडीचीच किंमत विचारू लागले. आज धायरीत दोन खोल्यांत आठ जणी शिवतात. कापड रविवार पेठेतून ठोक भावाने येतं, टाके मात्र सगळे हाताचे, धावदोऱ्याचे. डबल बेडच्या एका गोधडीला एका बाईचे दहा-अकरा दिवस जातात.

ऑनलाइन विकणाऱ्या मैत्रिणी हल्ली मला एकच विचारतात, परदेशात माल पाठवायला सुरुवात करू का? माझं उत्तर 'कर' असंच आहे. पण आधी आमचं काय झालं ते ऐकून घे, असंही मी सांगते.

2021 मध्ये न्यू जर्सीला राहणाऱ्या एका पुणेकर मुलीने गोधडी नेली आणि तिच्या शेजारणींनीही मागितल्या. तिथून एट्सी या हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या परदेशी साइटवर दुकान उघडलं. कागदपत्रांना लोक उगाच घाबरतात. आयात-निर्यात कोड पॅनवर ऑनलाइन मिळतो, 500 रुपये फी. जीएसटीत दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, भरलं की निर्यातीवर कर आधी भरून मग परत मागत बसावं लागत नाही. कोडची माहिती मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायची, काही बदललं नसलं तरी. ते राहिलं तर कोड बंद पडतो.

खरा फटका बसला तो वजनाचा. गोधडी काट्यावर 1.9 किलो भरली, बिल आलं 4.8 किलोचं! कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, 5000 ने भागतात आणि जे वजन जास्त येईल त्याचे पैसे लावतात. आमचं खोकं होतं 40 बाय 30 बाय 20. पहिल्या सहा महिन्यांत आम्ही गोधड्या विकत नव्हतो, हवा विमानाने पाठवत होतो. मग जाऊबाईंनी स्वेटर ठेवायची हवा काढायची पिशवी आणली. गोधडी तिच्यात घालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढली, तर खोकं 9 सेंटिमीटर उंचीचं झालं. वजन लागलं 2.16 किलो. त्या दिवशी आम्ही दोघी काट्यासमोर उभ्या राहून हसत होतो. आता प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी असते : घडी उलगडून एक दिवस उन्हात टाका, चुण्या जातील.

लहान मुलांची दुपटी खूप खपतील असं वाटलं होतं. पण अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची वस्तू विकायची तर प्रयोगशाळेत तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. तो खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून दुपटी आम्ही इथेच विकतो. युरोपीय संघात विकायचं तर 13 डिसेंबर 2024 पासून मालाच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा तिथलाच प्रतिनिधी नेमावा लागतो. त्यामुळे ते दारही सध्या लावून घेतलंय.

आणि मग आला 2025 चा ऑगस्ट. अमेरिकेने भारतीय मालावर 7 तारखेपासून 25 टक्के शुल्क लावलं, 27 पासून आणखी 25. 29 ऑगस्टला 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफीही संपली. आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, ते 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. आमची 14 पार्सलं तेव्हा कुरिअरने वाटेत होती. 140 डॉलरच्या गोधडीवर 70 डॉलर शुल्क, तेही गिऱ्हाइकाने दारात भरायचं. सहा जणांनी पार्सल नाकारलं, आणि त्यांना तरी काय म्हणणार? कुरिअरचा मेल आला : परतीचं भाडं भरा, नाहीतर माल नष्ट करू. 'नष्ट' हा शब्द मी शिवणाऱ्या मावशींना वाचून दाखवूच शकले नाही. भाडं गोधडीच्या किमतीच्या जवळ जात होतं. तरी चार परत आणल्या, दोन त्या गिऱ्हाइकांना निम्म्या किमतीत दिल्या आणि शुल्क आम्ही भरलं.

त्या दिवाळीत सगळ्यांचे पगार आणि बोनस वेळेवर झाले ते केवळ पुण्या-मुंबईच्या ऑर्डरींवर. म्हणून विचारणाऱ्यांना मी आधी हेच विचारते, परदेशातली विक्री उद्या शून्यावर आली तर तुझ्या बायकांचा पगार निघेल का? निघत असेल तर एक देश निवड, एकच वस्तू पाठव, आणि शुल्क, कर, परत आलेला माल सगळं किमतीत धरून बघ. निघत नसेल तर वर्षभर इथलंच गिऱ्हाईक वाढव.

आम्ही परदेशी विक्री एकूण विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देत नाही. सध्या भर ब्रिटनवर आहे. तिथे 135 पौंडांपर्यंतच्या मालावर आयात शुल्क नाही, आणि त्यांचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, ऑर्डर घेतानाच एट्सी गिऱ्हाइकाकडून घेते, दारात कोणी पैसे मागत नाही. आमची मोठी गोधडी तिथे 110 पौंडांना जाते. परत आलेल्या चारांपैकी तीन यंदा तिकडेच गेल्या. चौथी सासूबाईंनी ठेवून घेतली.