आंबोलीच्या वाटेवर, बांडगुळाखाली

सावंतवाडीहून आंबोलीला जाताना दाणोलीच्या अलीकडे ओळखीच्या काकांच्या आंब्याच्या बागेत थांबले. पाऊस ओसरला होता आणि बांडगूळ काढायचं काम चाललं होतं. फुलटोच्या पक्षी बांडगुळाची फळं खातो आणि चिकट बी फांदीवर सोडून जातो. तिथे रुजलं की ते आंब्याचंच पाणी ओढून फोफावतं.

हाताशी आलेल्या फांदीवरचं बांडगुळाचं जाड पान उलटलं, तर खाली सुरवंटांचा घोळका! पिवळट तपकिरी अंग, काळं डोकं, अंगावर लांब पांढरे केस. एकमेकांना खेटून सगळे पानाची कड कुरतडत होते.

"बाय, हात लावू नुको, खाज येतली," काका म्हणाले.

काडीने पान जरासं हलवलं, तर तीन-चार जणांनी रेशमाचा धागा सोडून खाली उडी टाकली आणि ते हवेत लोंबकळत राहिले. हळदीकुंकू फुलपाखराची ही पिल्लं. मादी एका पानावर दहा-वीस अंडी ओळीने घालते, म्हणजे घोळक्यातली बहुधा सगळी सख्खी भावंडं.

मला यातलं हे नातंच फार मोलाचं वाटतं. नुसतं बेचव असून सुरवंटाचं भागत नाही, कारण ते पक्ष्याला कळण्यासाठी कुणाला तरी चोचीत जावं लागतं. एकटा असता तर त्याच्याबरोबर सगळंच संपलं असतं. घोळक्यात मात्र पक्षी एकाला चाखून थुंकतो आणि शेजारच्या भावंडांचा नाद सोडतो. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्येच हा विचार मांडला होता. शिवाय एकटा सुरवंट नजरेतून सुटेल, पण वीस जणांचा केसाळ पुंजका ठसठशीत दिसतो आणि लक्षात राहतो. काही जातींचे सुरवंट तर गांधीलमाशी किंवा परजीवी माशी जवळ आली की सगळे एकदम डोकी झटकतात.

अर्थात एकत्र राहण्याची किंमतही आहे. रोग पटकन पसरतो, पान लवकर संपतं, आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या माश्यांना एकदा ठिकाण सापडलं की वीसही जण हाती लागतात.

काकांना म्हटलं, ही तर तुमचंच काम करतायत, बांडगूळच खातायत. त्यांनी पान पुन्हा उलटून बघितलं आणि कोयता पुढच्या फांदीकडे वळवला. "ह्या चार दिसांनी तोडतंय."