आधी भाड्याची वही, मग इमारत

डिसेंबरात घरी आले होते. यावलजवळच्या शेतात भरताची पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजत असताना जिभाऊंनी विचारलं, "न्यूयॉर्कात इमारत घेतली म्हणे तुम्ही. मग भाडं तुमच्या मनाचं?"

नाही, जिभाऊ. तेव्हा थोडक्यात सांगितलं, इथे सविस्तर लिहिते. आपल्याकडची बरीच मुलं आता तिकडे पैसे गुंतवायचा विचार करतात.

ब्रॉन्क्समधली आमची इमारत आठ घरांची आहे. १९७४ च्या आधी बांधलेल्या, सहा किंवा जास्त घरांच्या बहुतेक इमारतींना तिथे भाडेनियंत्रण लागू असतं. महापौरांनी नेमलेलं नऊ जणांचं मंडळ दरवर्षी वाढ ठरवतं. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी एक वर्षाच्या करारासाठी ३ टक्के आणि दोन वर्षांच्या करारासाठी ४.५ टक्के ठरवले. करार एक वर्षाचा की दोन, हे भाडेकरू निवडतो, आणि मुदत संपली की नवा करार मिळणं हा त्याचा हक्क असतो. कपाशीच्या हमीभावाशी ताडून पाहा: आकडा दुसरंच कुणी ठरवतं, फक्त हमीभावाने खालची हद्द बांधली जाते, इथे वरची.

आमची ही इमारत दुसरी पाहिलेली. पहिली दिसायला देखणी होती, भाडंही चांगलं येत होतं. आम्ही राज्याच्या गृहखात्याकडे नोंदवलेला प्रत्येक घराचा भाडे-इतिहास मागितला. त्यात एका घराचं भाडं जुना भाडेकरू जाऊन नवा येताना एकदम जवळपास दुप्पट झालेलं. ही वाढ घरात केलेल्या कामाच्या खर्चाने झाली का, हे पाहायला बिलं मागितली, ती मिळाली नाहीत. नियमापेक्षा जास्त घेतलेलं भाडं परत करायची जबाबदारी सहसा नव्या मालकावर येते, आणि जाणूनबुजून घेतलं असं ठरलं तर तिप्पट भरावं लागतं. वकिलांनी हे समजावलं आणि आम्ही तो सौदा सोडला.

मला तेव्हा आप्पांची लाल वही आठवली. भुसावळच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत एक रेल्वेतलं कुटुंब २२ वर्षं राहिलं. आप्पा दर महिन्याचं भाडं, बदललेला नळ, पावसाळ्याआधी शाकारलेलं छप्पर, सगळं तारखेनिशी लिहीत. अशी इमारत घेताना विटांच्या आधी ही वही वाचायची असते.

हिशेबाचंही सांगते. २०१९ पूर्वी घर रिकामं झालं की नव्या भाडेकरूला २० टक्क्यांपर्यंत भाडं वाढवता येई. २०१९ च्या जूनमधल्या कायद्याने ते बंद झालं. घराच्या आत केलेल्या सुधारणेचा जो खर्च भाड्यातून वसूल करता येतो, त्यालाही मर्यादा आली: आधी १५ वर्षांत १५ हजार डॉलर, २०२४ पासून साधारणपणे ३० हजार. आमच्यासारख्या ३५ किंवा कमी घरांच्या इमारतीत खर्चाचा १६८ वा भाग महिन्याच्या भाड्यात वाढतो. म्हणजे ३० हजार घातले तर महिना साधारण १७९ डॉलर. चौदा वर्षांनी मुद्दल निघेल. म्हणून "भाडेकरू गेला की फायदा" असं सांगणाऱ्या दलालाचं ऐकू नका, तो जुन्या कायद्याचं गणित मांडतो आहे.

खर्च मात्र थांबत नाही. ऑक्टोबर ते मे घरं गरम ठेवणं मालकावर बंधनकारक आहे: दिवसा बाहेर ५५ अंश फॅरेनहाइटच्या खाली गेलं तर आत किमान ६८, रात्री ६२. दुसऱ्याच जानेवारीत आमचा बॉयलर बंद पडला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कोट घालून दारात उभ्या होत्या. मिस्त्री येईपर्यंत आम्ही विजेचे हीटर घरोघरी पोचवले. मे महिन्यातलं ४५ अंश सेल्सिअसचं भुसावळ मी पाहिलंय, पण घरातली थंडी माणसाला किती असहाय करते ते त्या रात्री कळलं.

मला हा कायदा पटतो. आजी त्या घरात ३१ वर्षं आहेत. पण लहान मालकाकडे बॉयलरसाठी वेगळी गंगाजळी नसेल तर त्याने यात पडू नये, असं माझं ठाम मत आहे. आम्ही आता प्रत्येक महिन्याच्या भाड्यातला दहावा हिस्सा बाजूला काढतो.

हे ऐकून जिभाऊंनी इतकंच विचारलं, "आप्पांची वही कुठं आहे?" ती माझ्याकडेच आहे, ब्रॉन्क्समधल्या कपाटात.