आठवा चौकोन

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

संध्याकाळी सातला गेलेली लाईट साडेनऊला आली. पावसाने सकाळपासून जी धार धरलीय ती सोडलेली नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय म्हणतात, म्हणजे उद्या अर्धं नाशिक छत्र्या घेऊन घाटावर पूर बघायला. ताई चार दिवस माहेरी आलीय, सोबत भाचा. त्याचा फोन आठ टक्क्यांवर आला तेव्हा पोरगं असं कावरंबावरं झालं की शेवटी मीच म्हटलं, ये, गेम बनवू. कागदावर.

"कागदावर कसला गेम, मामा?"

मारामारीचा. इकडचे तिकडचे, गेममधले, पुस्तकांतले, सिनेमातले लोक गोळा करायचे आणि समोरासमोर उभे करायचे. कोण घ्यायचं ते आपण ठरवायचं. त्याच्या गेल्या वर्षीच्या वहीचं मागचं पान काढलं, मेणबत्तीच्या उजेडात पट्टीने चौकोन आखले. वर चार, खाली चार.

आठच म्हटल्यावर तो फुगला. त्याला पन्नास पाहिजे होते. मी त्याला २००० सालच्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम टूची गोष्ट सांगितली. ५६ जण होते त्यात, तिघांच्या टोळ्या. पण स्पर्धेत उतरणारे लोक फिरून फिरून मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल याच चौघांपाशी यायचे. बाकीचे लग्नाच्या पंगतीत नुसतं ताट मांडून ठेवावं तसे. उलट १९९१ चा स्ट्रीट फायटर टू घे. निवडायला आठ. आठांपैकी कुणाचंही नाव घे, तो कसा मारतो ते मी आज झोपेतून उठूनसुद्धा सांगेन.

"पण स्मॅश ब्रदर्समध्ये तर ऐंशीच्या वर आहेत," तो म्हणाला. आहेत. पण १९९९ मध्ये सुरुवात बाराने झाली होती, त्यातले चार लपवलेले. आणि मला त्या बारांपेक्षा त्याच्या आधीची गोष्ट जास्त आवडते. तो गेम बनवणाऱ्या साकुराईने आधी बिनचेहऱ्याच्या माणसांचा एक गेम करून पाहिला. घरी बसून खेळणाऱ्याला समोरचा कोण आहे ते बघताक्षणी कळायला हवं, असं त्याला वाटलं. मग त्याने निन्टेंडो कंपनीला न विचारता मारिओ वगैरे मंडळी त्यात घालून टाकली आणि परवानगी नंतर मागितली. आम्हीही आज कुणाला विचारलेलं नाही.

पहिला चौकोन मी चर्चा न करता भरला. स्ट्रीट फायटर टूमधला ढालसिम.

भाच्याने तोंड वाकडं केलं. "तो हळू आहे." हळूच आहे. शिवाय जपानी लोकांनी काढलेला हिंदुस्थानी माणूस कसा असेल, तर असाच असेल: गळ्यात कवट्या, तोंडातून जाळ, मागे हत्ती. त्या कवट्या त्याच्या गावात साथीत गेलेल्या मुलांच्या आहेत, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याला जादूटोणावालाच समजत होतो.

पण माझं ढालसिमशी नातं जडलं ते वेगळ्या कारणाने. पंचवटी कारंजाच्या मागच्या बोळात एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दाराला हिरवा पडदा, आत तीन मशिनं, रुपयाला एक टोकन. मी पाचवीत असेन. डावीकडची बाजू मोठ्या पोरांची, आपण कायम उजवीकडे. उजवीकडच्या दांड्याला एक खोड होती, तो खाली-डावीकडच्या कोपऱ्यात जायचाच नाही, अडकायचा. आणि उजवीकडून खेळताना आगीचा गोळा सोडायचा तर दांडा खाली, मग त्याच कोपऱ्यात, मग डावीकडे असाच फिरवावा लागतो. म्हणजे रियू घेतला तरी हातातून गोळा सुटणार नाही. मालकाला सांगितलं तर म्हणायचा, खेळता येत नाही ते सांग ना. ढालसिमला कोपरा लागत नाही. नुसतं बटण दाबलं की हात पडद्याच्या पार अर्ध्यापर्यंत जातो. (गाईललाही कोपरा लागत नाही, पण गाईल कधी मोकळा असला तर ना. त्या पहिल्या गेममध्ये दोघांना एकच माणूस घेता यायचा नाही. ती सोय पुढच्या आवृत्तीत, १९९२ ला आली. तोवर मोठ्यांनी घेऊन उरेल तो आपला.)

तर मी दोन वर्षं उरलेल्या माणसाने खेळलो. आणि कधी कधी जिंकलोसुद्धा.

हे सांगून झाल्यावर आमचा नियम ठरला. कोण किती बलवान ते बघायचं नाही, कारण पडद्यावर दोघांच्या डोक्यावरची पट्टी सारखीच लांब असते. त्याची मारायची पद्धत दुसऱ्या कुणाकडे नसली पाहिजे. आणि एका घरातून एकच माणूस.

या नियमावर ड्रॅगन बॉल कार्टूनमधला गोकू उडाला. भाचा अक्षरशः उभा राहिला. गोकू का पाहिजे विचारलं तर म्हणे, "तो सगळ्यांना हरवतो." म्हटलं, म्हणूनच नको. दहा मिनिटं अबोला.

नागराजला खोडताना मात्र माझाच जीव वरखाली झाला. राज कॉमिक्सचा नागराज, १९८६ पासूनचा. ती कॉमिक्स आमच्याकडे हिंदीतच यायची, गल्लीतल्या लायब्ररीतून भाड्याने. मनगटातून साप सोडणार, तोंडातून विषाची फुंकर. आणि नीट बघितलं तर लांबून मारायचं आणि फुंकर घालायची हे आमच्या पहिल्या चौकोनात बसलेला म्हातारा आधीच करतोय. दोघांतला एक. मी पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसलो. चेहरा नागराजचा जास्त देखणा, पण तुटक्या दांड्याच्या दिवसांत तो माझ्याबरोबर नव्हता. खोडला.

मुस्तफाबद्दल वादच नाही. गेमचं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, १९९३ चं, पण ते नाव मी कॉलेजात गेल्यावर वाचलं. तोवर "मुस्तफा लावायचा का?" एवढंच. पिवळी टोपी, पळत येऊन लाथ. खेळायला चौघे होते तरी गेमला नाव याचं पडलं. पंचाईत अशी की तो पुढे पुढे सरकत गुंडांच्या घोळक्याला बडवायचा गेम. तिथे समोरचे गुंड मार खायलाच आलेले असतात. एकास एक लढतीत ती धावती लाथ अडवली की मुस्तफा पाठ उघडी टाकून उभा. मग भाच्यानेच तोड काढली. त्या गेममध्ये मारायचं आणि उडीचं बटण एकदम दाबलं की गरकन फिरून सगळ्यांना उडवायचा, पण त्याची स्वतःची पट्टी थोडी कमी व्हायची. ते तसंच ठेवायचं. लाथ अडवली गेली तर रक्त देऊन सुटायचं. मला पोराचा अभिमान वाटला, आणि अबोलाही संपला.

चाचा चौधरी आणि साबू एका चौकोनात दोघे. आपण चालवायचं चाचांना. साबू मागे उभा, तो पकडून आपटणार. चाचांना जास्त मार बसला की साबू चिडणार, आणि साबू चिडला की कुठेतरी ज्वालामुखी फुटतो हे प्राण यांच्या वाचकाला सांगायला नको. आमच्या गेममध्ये तो मागच्या देखाव्यात फुटेल, समोरच्याला काही इजा नाही. भाच्याला हा विनोद कळला नाही. मला अजूनही हसू येतंय.

फास्टर फेणेवरून आई स्वयंपाकघरातून ओरडली, "त्या फुरसुंगीच्या पोराला मारायला घेतलं का तुम्ही?" मारायला नाही, चुकवायला. टेकन थ्रीमध्ये गॉन नावाचं एक टीचभर डायनासोरचं पिल्लू होतं. इतकं बुटकं की भल्याभल्यांचे ठोसे त्याच्या डोक्यावरून जायचे. फेणे तसा. त्याची मारायची ताकद जवळजवळ शून्य, पण वार चुकवला की टाळूला जीभ लावून "ट्टॉक!" आणि त्या ट्टॉकने समोरच्याची थोडी पट्टी जाते. अपमानाचं नुकसान.

वेताळ, म्हणजे कॉमिक्समधला फँटम, घेतला तो अंगठीसाठी. ठोसा बसला की समोरच्याच्या गालावर कवटीची खूण, ती सामना संपेपर्यंत तशीच. बस्स.

तात्या विंचू ही भाच्याची मागणी. गोकूचा मोबदला म्हणून मी मुकाट मान्य केली आणि मग लक्षात आलं की अख्ख्या पानावर सगळ्यात भारी कल्पना हीच. १९९३ च्या झपाटलेलामधला तो बाहुला, रामदास पाध्यांनी घडवलेला. मॉर्टल कॉम्बॅटमध्ये शँग त्सुंग समोरच्याचं रूप घेतो, पण ते नुसतं रूप. तात्याचा मंत्र लागला की दोन्ही खेळणाऱ्यांचे कंट्रोलरच उलटे होणार. तू आता बाहुला, मी आता तू. दहा सेकंद. आपल्याच माणसाला मार देऊन अर्धमेला करायचा आणि दहा सेकंदांनी तो परत आपल्या गळ्यात. यावर आम्ही दोघं इतके हसलो की ताई बघायला आली.

तिने मेणबत्ती उचलून पान वाचलं. "एकही बाई नाही?"

नव्हती. आमच्या कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"ती दोन अंबाड्यांवाली कुठंय?" चुन-ली. मी नियम सांगायला गेलो, एका घरातून एकच, तिथला ढालसिम घेतलाय. ताई म्हणाली, "तुझ्या सायकलला धरून बाहेर कोण उभं राहायचं?" तीच. त्या दुकानात मुली आत जात नसत. पडदा वाऱ्याने हलला की तिला तेवढ्या फटीतून पडदा दिसायचा, मशिनचा. त्या फटीतून तिने चुन-लीच्या लाथा बघितल्या, दोन वर्षं, एक टोकन न टाकता. एकदा म्हणे मला सांगितलंही होतं की मला खेळू दे, आणि मी म्हटलं होतं, दांडा मोडलाय.

खरं तर मोडलाच होता. चुन-ली बसली. नियम गेला उडत.

मग आम्ही जागांकडे वळलो, आणि तिथे नाशिकला तोड नाही. पहिली जागा गोदाघाट. पहिल्या फेरीला पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, दुसरीला कमरेला, तिसरीला छातीला. तिसऱ्या फेरीत सगळ्यांचे पाय पाण्याखाली, चाल मंद. ढालसिमला काही फरक नाही, तो हातच लांब करतो. (मी मुद्दाम केलं नाही. बरं, केलं.) फेरी सुरू व्हायला नारोशंकराची घंटा. दुसरी जागा रंगपंचमीची तिवंधा चौकातली रहाड: कडेवरून ढकललं की समोरचा रंगात धप्पा मारतो आणि फेरी संपली. भाचा मुंबईत वाढलेला, त्याला रहाड म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा तास गेला. पेशव्यांच्या काळापासूनचा दगडी हौद, एरवी बुजवलेला, वरून लोक चालतात, गाड्या जातात, आणि वर्षातून एकदा उघडतात, हे त्याला पटेचना. "रस्त्याखाली?" हो रे, रस्त्याखाली. नावं पुकारायला सीबीएसच्या स्टँडवरचा आवाज, हे मात्र एकमताने मंजूर.

सात भरले. आठवा रिकामा. भाचा म्हणाला, "नाशिकचं कोणीच नाही."

देव घ्यायचे नाहीत, हे आईने सुरुवातीलाच बजावलं होतं, आणि मला ते मान्य आहे. ज्यांच्या पाया पडतो त्यांना लाथा घालायला बटणं कोण दाबणार. पण भाचा तपोवनातून नुकताच जाऊन आलाय. "मग ती शूर्पणखा? ती देव थोडीच आहे. आणि गावाचं नाव तिच्या नाकावरून आहे ना?"

आई आतून म्हणाली, "नाशिक नऊ टेकांवर वसलं म्हणून नाशिक." तेही सांगतात. पण तिने ते ज्या घाईने सांगितलं, त्यावरून कळलं की तिलाही विषय टाळायचाय.

मी मात्र टाळू शकलो नाही. पद्धत तिची वेगळी आहेच, ती रूप बदलते. सुंदर असताना एक चाल, राक्षसी असताना दुसरी. अडचण निराळी. या गेममध्ये प्रत्येकाला एक पक्का वैरी लागतो, ज्याच्याशी शेवटी गाठ पडते. तिचा वैरी आमच्या नियमाने आतच येऊ शकत नाही. म्हणजे ती आठव्या चौकोनात उभी राहणार, मुस्तफाशी लढणार, तात्या विंचूशी लढणार, पुरात लढणार, रंगात पडणार, आणि जे भांडण आहे ते कधी होणारच नाही. भाच्याला म्हटलं, राहू दे, विचार करू. तेवढ्यात लाईट आली आणि तो चार्जर शोधायला पळाला.

जेवणं झाली. पान माझ्याजवळच होतं. आई झोपायला जाताना दारात थांबली.

"घेतलीस का रे तिला?"

"अजून नाही."

चष्मा काढून ती पान डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. फेणेवर जरा थांबली. मग पान परत देत म्हणाली, "घेणार असशील तर नाक ठेव तिचं."

आत्ता काढतोय. चित्रकला माझी बेताचीच. डोळे जमले, केस जमले, नाक दोनदा खोडलं. कागद तिथे विरळ झालाय, पेन्सिल नीट धरत नाही. पाऊस अजून चालूच आहे.