तुम्ही विचारलंत म्हणून: व्होल्डेमॉर्टची राख

"एवढा नाद तुम्हाला हॅरी पॉटरचा, मग टीव्हीवर शेवटचा भाग लागला की नेमकी शेवटची लढाई सोडून आत का जाता?" भाचरं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, विश्रामबागेतल्या ओळखीच्या पोरी विचारतात. मी "शेवट पटला नाही" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "पुस्तकवाल्यांचं असंच असतं." असंच नसतं. एकदाचं लिहून टाकते. कथा तुम्हाला पाठ आहे, ती सांगत बसत नाही.

आधी तक्रार कशाची नाही ते. कापाकापीची नाही. 2007 चं शेवटचं, सातवं पुस्तक ब्रिटिश आवृत्तीत 607 पानांचं. त्याचे दोन सिनेमे केले, 146 मिनिटांचा आणि 130 मिनिटांचा, आणि आठांतला सगळ्यांत छोटा सिनेमा हा शेवटचाच. त्यात पर्सीचं घरी परतणं बुडालं, फ्रेडचा मृत्यू पडद्याबाहेर गेला, हेडमास्तर डम्बलडोरच्या बहिणीची गोष्ट चार वाक्यांत उरकली. सगळं गिळलं मी. दिग्दर्शक क्युअरॉनच्या तिसऱ्या भागात तर तो जादूचा नकाशा कुणी बनवला हेसुद्धा सांगितलेलं नाही, आणि आठांत मला तोच सगळ्यांत जास्त आवडतो. शेवटच्या भागातही ग्रिंगॉट्सचा आंधळा ड्रॅगन, मॅकगोनॅगल बाईंनी उठवलेले दगडी शिपाई, जंगलाकडे निघालेला हॅरी, यांत मला खोट काढता येत नाही. स्नेपच्या आठवणींबद्दल तर बोलूच नका. हॅरीच्या आईच्या, लिलीच्या देहाला कवटाळून बसलेला स्नेप पुस्तकात नाही, सिनेमानं घातलाय, आणि ॲलन रिकमननं तो असा केलाय की मी पुस्तकाची बाजू घ्यायचीच विसरते.

भांडण आहे ते फक्त हॅरी आणि खलनायक व्होल्डेमॉर्ट यांच्या शेवटच्या द्वंद्वाशी. आणि ते कळायला एल्डर वाँड या जादूच्या छडीचा हिशेब डोक्यात पक्का हवा.

नियम असा. वाँड हातात असणं वेगळं, तिचा धनी असणं वेगळं. आधीच्या धन्याला हरवल्याशिवाय मालकी बदलत नाही. मारायची गरज नाही, हरवलं की पुरे. ग्रिंडेलवाल्डनं ती ग्रेगोरोविचकडून चोरली, पण जाताजाता त्याला बेशुद्धही केलं, म्हणून ती त्याची झाली. 1945 मध्ये डम्बलडोरनं ग्रिंडेलवाल्डला हरवलं. मग शाळेच्या मनोऱ्यावर हॅरीच्या वर्गातल्या ड्रेको मॅल्फॉयनं डम्बलडोरला निःशस्त्र केलं, आणि त्या क्षणी पोरगं जगातल्या सगळ्यांत ताकदवान वाँडचं मालक झालं, तिला बोटही न लावता. स्नेपनं येऊन डम्बलडोरला मारलं ते त्यानंतर. पुढं मॅल्फॉयच्या वाड्यात हॅरीनं ड्रेकोच्या हातातून त्याची स्वतःची वाँड हिसकावली आणि मालकी हॅरीकडे आली. इकडे व्होल्डेमॉर्टनं डम्बलडोरचं थडगं फोडून एल्डर वाँड उचलली. ती चालेना म्हणून "धनी स्नेप असणार" असं ठरवून त्याचा जीव घेतला. चुकीच्या माणसाचा.

हिशेबातला एक सांधा पुस्तकातही कच्चा आहे, हे मान्य. ड्रेकोची साधी वाँड हिसकावली म्हणून थडग्यात पडलेल्या दुसऱ्या वाँडला ते कसं कळलं? कळत असेल तर सरावाच्या वर्गात पोरं दिवसभर एकमेकांच्या वाँड उडवतात, त्यांच्या मालक्यांचं काय? याला सरळ उत्तर नाही. पण रोलिंगबाईंनी हा कच्चेपणा लपवला नाही, तो हॅरीच्याच तोंडी दिला. शेवटी समोर उभा राहून हॅरी जे म्हणतो त्याचा मतलब असा की, तुझ्या हातातल्या वाँडला तिचा आधीचा धनी हरल्याचं ठाऊक आहे का, एवढ्यावर सगळं येऊन थांबलंय. म्हणजे त्यालाही खात्री नाही. तो डाव लावतोय, आणि अख्खं दालन ते ऐकतंय.

तो प्रसंग पुस्तकात असा रचलाय. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिलनं व्होल्डेमॉर्टच्या सापाचं, नॅगिनीचं मुंडकं आधीच उडवलेलं. सातही हॉरक्रक्स (मरू नये म्हणून व्होल्डेमॉर्टनं बाहेर दडवलेले आत्म्याचे तुकडे) संपलेले. उघडा प्रश्न एकच उरला: वाँड कुणाची. ग्रेट हॉलमध्ये भिंतींना चिकटून उभी असलेली सगळी माणसं. दोघे गोल फिरतात, बोलतात. हॅरी त्याला टॉम म्हणतो, पश्चात्ताप कर, अजून वेळ आहे, असं सांगतो. स्नेप कुणाचा माणूस होता ते सगळ्यांदेखत सांगतो. ड्रेकोचं नाव घेतो. मग उजाडतं, दोन मंत्र एकदम सुटतात, एकाचा मारायचा, एकाचा नुसता निःशस्त्र करायचा. व्होल्डेमॉर्टचा मंत्र त्याच्यावरच उलटतो आणि तो पडतो. इतर कुठल्याही माणसासारखा, धाडकन जमिनीवर. त्याचं प्रेत नंतर बाजूच्या खोलीत ठेवतात.

आता सिनेमा. दोघांना बाहेर काढलं. कुणी बघायला नाही. हॅरी कठड्यापाशी अर्धीच गोष्ट सांगतो: ही वाँड तुला दगा देणार, ती स्नेपची नव्हतीच तर, कायम दुसऱ्याच कुणाची असली तर? कुणाची, ते सांगत नाही. मग त्याला मिठी मारून खाली उडी. काळ्या धुरात दोघांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. अंगणात आपटून दोघेही आपापल्या वाँडकडे सरपटतात. इकडे रॉन-हर्मायनीच्या मागं साप लागलेला. नेव्हिल साप मारतो. एल्डर वाँड उडून हॅरीच्या हातात. व्होल्डेमॉर्टचे पापुद्रे सुटतात, राख होऊन वर जातात.

मला सांगा, तो मेला कशानं? सापाचा हॉरक्रक्स गेला म्हणून, की वाँड त्याची नव्हती म्हणून? पुस्तकानं साप आधी मारला तो याचसाठी, की द्वंद्वात एकच कारण उरावं. सिनेमानं दोन्ही धागे एकाच वेळी जाळले आणि वाँडच्या गुपिताला काही कामच उरलं नाही. ड्रेकोचं नाव येतं ते सगळं संपल्यावर, पुलावर, हर्मायनीनं विचारल्यावर. तोवर ते कळून कुणाचं काय बदलणार? आणि गंमत म्हणजे पायाभरणी सिनेमांनी चोख केली होती. सहाव्या भागात ड्रेको डम्बलडोरची वाँड उडवतो, सातव्यात वाड्यातली हिसकाहिसकी आहे, आठव्याच्या सुरुवातीला ऑलिव्हँडर म्हातारा वाँडची निष्ठा बदलल्याचं सांगतो. तिन्ही दगड जागेवर. वरची कमान तेवढी ऐनवेळी दुसरीकडे नेऊन बांधली.

सांगलीकरांना तर हे समजवायलाच लागू नये. थडगं उकरून गदा आणली म्हणून कुणी महाराष्ट्र केसरी होत नाही. गदा ज्यानं जिंकलीय त्याला पाडावं लागतं. आणि तेही भरल्या मैदानात, हलगी वाजत असताना, आधी खडाखडी, मग पाठीला माती, आणि ती माती सगळ्यांनी बघितलेली. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंच्या जिल्ह्यात कुणी येऊन म्हणालं, शेवटची कुस्ती आम्ही तालमीच्या मागं लावली, बघायला कुणी नव्हतं, आणि हरलेला गडी हवेत विरघळला, तर मैदान ऐकून घेईल?

"पण बोलत बोलत गोल फिरणं पडद्यावर कंटाळवाणं झालं असतं." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता शांतपणे उत्तर देते: याच सिनेमात स्नेपच्या आठवणी आहेत. तिथं कुठं माणसं उडतात? सिनेमाला बोलणं पेलता येतं हे याच सिनेमानं दाखवलं, तासाभरापूर्वी.

राखेचं मात्र मला पुरतं सुटत नाही. सिनेमा नवा लागला तेव्हा, 2011 साली, मीच त्या राखेची वकिली करत होते. त्या वेळची मी अजून अधूनमधून वाद घालते. ती म्हणते, ते शरीर खरं होतंच कुठं? चौथ्या भागात स्मशानात कढईतून निघालेलं, बापाचं हाड, नोकराचा हात, शत्रूचं रक्त. आत्म्याचे इतके तुकडे केल्यावर असलं शरीर टिकेल कशाला? शिवाय पहिल्या सिनेमात हॅरीचा हात लागून क्विरेलची राखच झाली होती, तीही पुस्तकात नाही. मग सिनेमानं स्वतःचीच सुरुवात स्वतः पुरी केली तर तुझं काय गेलं? क्विरेलचा मुद्दा बिनतोड आहे, मला त्यावर अजून उत्तर सापडलेलं नाही. तरी मी म्हणते, हा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट सिद्ध करायला धडपडला, की मी तुमच्यासारखा मरत नाही. पुस्तकानं त्याचं प्रेत जमिनीवर ठेवून त्याला खोटं पाडलं. सिनेमानं त्याला प्रेतच दिलं नाही. म्हणजे त्याचंच म्हणणं खरं केलं की. ती म्हणते, राख बघून थेटरात टाळ्या पडल्या. मी म्हणते, पडल्या असतील.

पुलावर वाँड मोडून दरीत फेकतो त्याचा राग नाही मला. पुस्तकात तो ती थडग्यात परत ठेवायचं ठरवतो, म्हणजे आपण न हरता मेलो की तिची ताकद संपेल. हे पडद्यावर अवघड, मोडणं सोपं. पण मोडण्याआधी हॅरीला तिच्यानं स्वतःची जुनी वाँड सांधायला काय झालं होतं? हॉलीचं लाकूड, अकरा इंच, आत फिनिक्सचं पीस. आदल्याच सिनेमात ती मोडलेली दाखवली. मोडलेली वाँड नीट होत नाही हे रॉननं दुसऱ्या भागात पट्टी चिकटवून आणि गोगलगायी ओकून आपल्याला शिकवलंय. पुस्तकात एल्डर वाँडनं हॅरी फक्त तेवढं एक काम करून घेतो, बाकी काही मागत नाही. पडद्यावर दहा सेकंदं लागली असती. ती नाहीत, आणि "अजिंक्य झालो असतो" हे वाक्य आहे.

एकोणीस वर्षांनंतरच्या स्टेशनबद्दलही तुम्ही विचारताच. चिकटवलेली पोटं आणि म्हातारपणाचा मेकअप दिसतो, दिसू दे. तो प्रसंग खऱ्या किंग्ज क्रॉसवर चित्रित करून झाल्यावर डिसेंबर 2010 मध्ये लीव्हस्डेनच्या स्टुडिओत पुन्हा चित्रित केला. इतकी मेहनत. तिथं सिनेमा पुस्तकाशी बऱ्यापैकी इमानदार आहे, आणि पुस्तकातला नेमका तोच भाग गाळला असता तरी माझी काही तक्रार नव्हती.