चाळिशीतला मोतीबिंदू

नागपुरातल्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे; डोळे तपासणं हे माझं काम. आमच्या शिबिरांची सगळी आखणी मोतीबिंदूभोवती असते, आणि त्यात चूक काही नाही. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या माणसांच्या अंधत्वात सुमारे ६६ टक्के वाटा मोतीबिंदूचाच निघाला. टॉर्च मारायचा, बाहुली पांढरट दिसली की नाव यादीत. संध्याकाळी बस, दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांचं ऑपरेशन, आत लेन्स, मग काळा चष्मा लावून घरी. पेशंटचा एक रुपया लागत नाही.

त्या दिवशी शिबिर कळमना बाजाराजवळच्या एका वस्तीत, समाजभवनात होतं. मिरचीचा हंगाम जोरात होता. रांगेतल्या बऱ्याच बाया गोदामात देठ खुडायला जाणाऱ्या, थेट कामावरूनच आलेल्या. त्यांच्या लुगड्यांतूनच ठसका येत होता. आमचा ड्रायव्हर दारातूनच शिंकत परत गेला.

दुपारी एक बाई समोर बसली. वय बेचाळीस. मी म्हटलं, "ताई, काय त्रास होतो?"

"उन्हात निघाली का समोरचं सारं पांढरं होते जी. सावलीत, सांजेले बरं दिसते. उजवा त गेलाच आहे."

इथेच कान टवकारले. उन्हात जास्त अंधुक आणि सावलीत बरं, ही तक्रार डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध डाग असला की येते. उजेडात बाहुली बारीक होते आणि नेमका तो डागच वाटेत येतो. म्हातारपणाच्या साध्या मोतीबिंदूपेक्षा हा प्रकार वेगळा. त्यात वय बेचाळीस, साखर नॉर्मल, कधी मार लागलेला नाही. मग राहतं काय?

"डोळ्यात काही औषध टाकता का?"

"टाकतो ना. रोजच." तिनं कमरेच्या बटव्यातून छोटी बाटली काढली. "मिरची लय झोंबते. हे टाकलं का दोन मिनिटात थंड."

बाटलीवर डेक्सामेथासोन. स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध, आणि ते गोदामाजवळच्या मेडिकलमधून वीसेक रुपयांत मिळत होतं. पोरगी सातवीत होती तेव्हापासून टाकत होती. आता त्या पोरीचं लग्न झालंय.

हे थेंब वाईट नाहीत. आमच्याकडे ऑपरेशननंतर आम्हीच देतो, पण काही आठवडे, मोजून आणि तपासत. तेच वर्षानुवर्षं टाकले तर दोन गोष्टी होतात. भिंगाला मागून डाग धरतो आणि काही जणांच्या डोळ्यातला दाब चढतो. दाब चढलेला कळत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, उलट औषधानं डोळा पांढरास्वच्छ दिसतो. आत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. हाच काचबिंदू.

दाब मोजला. २१ पर्यंत ठीक मानतात. उजवा ४२, डावा ३४. टॉर्च डाव्यावरून उजव्यावर नेला तर उजवी बाहुली आक्रसायच्या ऐवजी पसरली. म्हणजे नस गेली. त्या डोळ्याचा मोतीबिंदू कितीही सुबक काढला तरी नजर येणार नव्हती.

"म्हणजे याचं आपरेशन नाही?" तिनं विचारलं. शेजारणीला हो म्हटलं आणि तिला नाही, हे तिला पटेना. मी डावा वाचवता येईल हे आधी सांगितलं आणि उजव्याचं नंतर. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरी आमच्या सगळ्याइची एकच बाटली असते."

म्हणजे गोदामातल्या बाकीच्या बायाही तेच थेंब टाकत होत्या. हे ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला.

तिला त्याच बसनं रुग्णालयात नेलं. आधी दाब उतरवला, मग डाव्याचं ऑपरेशन झालं, आणि आता ती त्या डोळ्यानं सुईत दोरा ओवते. दाबाचे थेंब रोज, कायमचे. आमच्या अहवालात ती 'शस्त्रक्रिया: एक' एवढीच दिसते. उतरवलेल्या दाबाला त्या तक्त्यात रकानाच नाही, हे मला अजून खटकतं.

पुढच्या आठवड्यात दाब मोजायचं यंत्र घेऊन आम्ही जेवणाच्या सुट्टीत गोदामातच गेलो. मुकादमाची कुरकुर झाली, पण तीच बाई पुढे होऊन एकेकीला ओढून आणत होती. "बस वो, दुखत नाही. माह्या डोळ्याकडं पाय आन बस." तिघींचा दाब वाढलेला निघाला. तिघींच्याही नसा अजून शाबूत होत्या.

बाटल्या बंद करायला सांगणं सोपं, पण मिरची झोंबायची थांबत नाही. आम्ही साधे पारदर्शक गॉगल दिले. घामानं ते आतून धुरकट होतात, देठ दिसत नाही, हात मंदावतो, आणि मजुरी किलोवर मिळते. दोन दिवसांत गॉगल खुंटीला लागले. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले, तर एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "यानं काई होत नाही बाई, पह्यलंच बरं होतं." सध्या पाण्याची टाकी गोदामाच्या आत हलवून दर तासाला डोळे धुवायची मुभा मिळावी म्हणून मालकाच्या मागे लागलो आहोत. हंगाम संपल्यावर बघू, म्हणतो.