जांभ्याच्या घरात फोर-जी राउटर: रेंजच्या काड्या सोडा, एसआयएनआर धरा

जागा: तळकोकणातलं जांभ्याच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं घर. फायबर वाडीपर्यंत आलेलं नाही, म्हणून घरचं इंटरनेट मोबाइल टॉवरवरून, राउटरला बाहेरचे अँटेना जोडून. उपयोगाचा सगळ्यात जवळचा टॉवर खाडीपलीकडच्या सड्यावर, हवाई अंतर साधारण ४ किलोमीटर. मधे आंब्याची कलमं आणि माडांची रांग. राउटर वेगाच्या दर्जाने कॅटेगरी ६ चा, मागे दोन एसएमए पोर्ट (बाहेरचा अँटेना जोडायची पेचाची तोंडं). मास्ट (अँटेनाचा खांब) उभा राहिला, दोन्ही अँटेना लागले, दिशा पक्की झाली. राउटर अजून पडवीत आहे, तो वर पागोळीखाली नेण्याचं काम बाकी आहे.

आधी मोजमाप

खरेदीपूर्वी तीन आकडे लिहून घ्या: आरएसआरपी, आरएसआरक्यू आणि एसआयएनआर. राउटरच्या सेटिंग पानावर ते मिळतात. फोनवर नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर वापरता येतं. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतो, आरएसआरक्यू म्हणजे ऐकू येणाऱ्या एकूण आवाजात त्याचा वाटा किती, आणि एसआयएनआर म्हणजे आजूबाजूच्या गोंगाटातून तो किती स्वच्छ कळतो. रेंजच्या काड्या मुख्यतः आरएसआरपीवर चालतात, पण वेग ठरतो एसआयएनआरवर. म्हणूनच चार काड्या दिसूनही व्हिडिओ अडखळतो.

ढोबळ मापं अशी (डीबी हे सिग्नलच्या पटीचं माप, डीबीएम म्हणजे तेच एक मिलिवॅटच्या तुलनेत): आरएसआरपी −९० डीबीएमच्या वर असेल तर उत्तम, −११० च्या खाली गेला की रडकथा. एसआयएनआर २० डीबीच्या वर म्हणजे फारच छान, १३ ते २० चांगला, शून्याच्या आसपास आला की मोडेम सावध, संथ मॉड्युलेशनवर (लहरींत माहिती भरायच्या पद्धतीवर) उतरतो. आरएसआरक्यू −१० बरा, −१५ वाईट. मात्र टॉवरवर गर्दी असली की आरएसआरक्यू आपोआप घसरतो, तेव्हा एकट्या त्याच्यावरून निष्कर्ष काढू नका.

राउटर पडवीच्या खिडकीत, स्वतःच्याच अँटेनांवर असताना: बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) ३, आरएसआरपी −११३, आरएसआरक्यू −१५, एसआयएनआर १. डाउनलोड ३ ते ५ एमबीपीएस, अपलोड जेमतेम १.

आपण नक्की कोणत्या टॉवरवर आहोत हे ठरवायला दोन युक्त्या आहेत. एलटीईच्या (म्हणजे फोर-जीच्या) सेल आयडीला २५६ ने भागा: येणारा पूर्णांक हा टॉवरचा क्रमांक आणि उरलेली बाकी हा सेक्टर (टॉवरची एक बाजू). दुसरी युक्ती टायमिंग अ‍ॅडव्हान्सची. तो आकडा सिग्नलच्या प्रवासाला लागणारा वेळ सांगतो आणि त्याची एक पायरी सुमारे ७८ मीटरची असते, म्हणजे ५२ दिसलं तर टॉवर साधारण ४ किलोमीटरवर. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवरच्या नकाशाशी हे ताडून पाहिलं की दिशा कळते. फोनच्या होकायंत्राजवळ मास्टचा लोखंडी नळ नको, काटा खोटं बोलतो.

बँड कोणता धरायचा

आपल्याकडे एलटीई मुख्यतः ८५० (बँड ५), ९०० (बँड ८), १८०० (बँड ३), २१०० (बँड १), २३०० (बँड ४०) आणि २५०० मेगाहर्ट्झवर (बँड ४१) चालतं. बीएसएनएलच्या फोर-जीत ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ सुद्धा आहे. खालचा बँड झाडाझुडपांतून बरा येतो: फक्त मोकळ्या हवेतल्या घटीचा हिशेब केला तरी त्याच अंतरावर ८५० ला १८०० पेक्षा ६.५ डीबी कमी मार बसतो. पण खालच्या बँडवर वाहिनी अरुंद असते. २×२ मायमो (दोन अँटेनांवर दोन प्रवाह) आणि ६४ क्वॅम (दाट, वेगवान मॉड्युलेशन) धरून ५ मेगाहर्ट्झच्या वाहिनीची कमाल सुमारे ३७ एमबीपीएस, १० ची ७५, २० ची १५०. तेव्हा बँड ५ वर आरएसआरपी बरा दिसला म्हणून लगेच तिथे कुलूप (राउटरला एकाच बँडवर बांधणारी सेटिंग) लावू नका. अँटेनामुळे बँड ३ पुरेसा वर येत असेल तर वेग तिथेच मिळतो.

राउटर घेताना बँडची यादी वाचाच. युरोपासाठी बनलेल्या यंत्रांत बँड ७ आणि २० हटकून असतात, पण आपल्याला लागणारा ५ किंवा ४० नसू शकतो. कॅटेगरी ४ मध्ये कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन नसतं, कॅटेगरी ६ मध्ये दोन वाहिन्या जोडता येतात.

सामान

लॉग-पिरिऑडिक अँटेना २ (६९८ ते २७०० मेगाहर्ट्झ, सुमारे १० डीबीआय, म्हणजे एका दिशेचा सिग्नल एकवटण्याचं माप), एलएमआर-२०० दर्जाच्या ५ मीटरच्या केबल २, दीड इंची जीआय नळ, यू-क्लॅम्प, तीन दिशांना ताणाच्या तारा, आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात ३०४ स्टेनलेसवरही तांबूस डाग धरतात, म्हणून नट-बोल्ट ३१६ चे. जीआय नळाची कापलेली टोकं झिंक रंगाने बंद करायची, गंज तिथूनच सुरू होतो.

केबल हा इथला कळीचा मुद्दा. १८०० मेगाहर्ट्झवर एलएमआर-२०० मीटरमागे सुमारे ०.४७ डीबी खाते, एलएमआर-४०० जेमतेम ०.१९, आणि स्वस्त अँटेनांसोबत येणारी बारीक आरजी-५८ सुमारे ०.७५. म्हणजे आरजी-५८ ची १० मीटरची गुंडाळी लावली की ७-८ डीबी वाटेतच संपले आणि १० डीबीआयच्या अँटेनातून हाती उरले दोन-तीन. २३०० वर तर तेही उरत नाहीत. 'अँटेना लावला, काही फरक नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा ही गुंडाळीच असते.

टीव्हीच्या आरजी-६ केबलबद्दल नेहमी विचारलं जातं. ती ७५ ओहमची, आपलं सगळं ५० ओहमचं. या विजोडाने प्रत्येक टोकाला जेमतेम ०.२ डीबी जातो, तो सोसता येतो. खरी अडचण आहे ती जाड तारेवर एसएमए कनेक्टर नीट न बसण्याची आणि दोन-तीन अडॅप्टर एकापुढे एक लावण्याची. नवीन घ्यायचीच असेल तर ५० ओहमचीच घ्या.

कनेक्टर ओळखा. फोर-जी राउटरच्या पोर्टमध्ये मधोमध भोक असतं आणि केबलच्या एसएमए टोकात पिन. वायफाय अँटेनांचं आरपी-एसएमए दिसायला तसंच, आटेही जुळतात, पण पिन आणि भोकाची अदलाबदल असते. भोकासमोर भोक आलं तरी घट्ट पिळलं जातं आणि आत संपर्कच होत नाही. पिनेसमोर पिन आली तर पोर्ट वाकतो. खिशातल्या हॉटस्पॉटला बहुधा टीएस-९ किंवा सीआरसी-९ लागतं. ती टोकं नाजूक, वरच्या जड केबलच्या ओढीने निघतात.

एक गोष्ट ठामपणे: बाजारात मिळणारा मोबाइल बूस्टर लावू नका. परवान्याविना तो वापरणं बेकायदेशीर आहेच, शिवाय तो टॉवरच्या अपलिंकमध्ये (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या वाटेत) गोंगाट ओततो आणि अख्ख्या वाडीचे फोन बिघडवतो. राउटरला जोडलेला साधा अँटेना स्वतः काही वाढवत नाही, त्यामुळे हा प्रश्न येत नाही.

उभारणी

उंची किती? टॉवर दिसला की झालं, असं नाही. सरळ रेषेभोवतीचा फ्रेनेल पट्टाही (लहरी ज्यातून पसरत जातात ती लांबट जागा) मोकळा हवा. ४ किलोमीटरच्या वाटेवर अगदी मध्यावर त्याची त्रिज्या १८०० मेगाहर्ट्झला सुमारे १३ मीटर, ८५० ला सुमारे १९ मीटर. निदान ६० टक्के मोकळा राहावा. तो दोन्ही टोकांकडे निमुळता होत जातो, म्हणून घराजवळचं झाड दोन मीटर उंची वाढवून चुकवता येतं आणि मधल्या डोंगराच्या धारेला ती युक्ती चालत नाही. इथे मास्टचं टोक कौलांच्या आढ्याच्या थोडं वर ठेवलं, जवळच्या कलमांच्या शेंड्यांवरून नजर जाईल इतकं. पावसात भिजलेली पानं जास्त सिग्नल खातात. उन्हाळ्यात बेतास बात जमलेली जोडणी मिरग सुरू झाल्यावर ढासळते, हे धरूनच हिशेब करा. माडावर अँटेना बांधू नका: माड डोलतो, दिशा सतत हलते, आणि वीज पडण्याचा धोका वेगळाच.

दोन्ही अँटेना एकमेकांना काटकोनात हवेत: एक ४५ अंश डावीकडे कललेला, दुसरा ४५ अंश उजवीकडे. टॉवरवरचे पॅनेलही असेच तिरक्या जोडीने पाठवतात. दोन्ही उभे लावले तर समोरासमोरच्या वाटेवर दोन प्रवाह वेगळे काढता येत नाहीत आणि मायमोचा फायदा बुडतो. लॉग-पिरिऑडिकचं अरुंद, आखूड काड्यांचं टोक टॉवरकडे असतं. खोक्यात बंद अँटेनावर हे उलटं लागणं फार सोपं आहे, तेव्हा बाण पाहून घ्या आणि पाणी निथळायचं भोक खाली आहे ना हेही पाहा.

बसवल्यावर बँड ३ वर: आरएसआरपी −९८, एसआयएनआर १०. अपेक्षेची बेरीज जुळली. भिंत आणि कौलं टळल्याने सुमारे १० डीबी, आतल्या अँटेनापेक्षा जास्तीचे ८, केबलमध्ये गेले २.३, कनेक्टरांत थोडेसे. एकूण १५ च्या आसपास.

दिशा: सगळ्यात कामाचा भाग

१० ते १५ अंशांच्या पायरीने फिरवा, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा आणि मोठी फाइल उतरत असताना आकडे घ्या. राउटर जुन्या सेलला चिकटून राहतो, म्हणून दर पायरीला मोबाइल डेटा बंद करून पुन्हा चालू करा. पीसीआय (सेलचा ओळख-क्रमांक) बदलला का तेही लिहा, नाहीतर दोन वेगळ्या टॉवरांची तुलना होऊन बसते.

आरएसआरपी सर्वाधिक मिळाला ती दिशा थेट टॉवरची. तिथेच थांबू नये. त्याच ऑपरेटरचा दुसरा टॉवर तिथून सुमारे ४० अंश डावीकडे आहे आणि त्याच वाहिनीवर बोलतो. एसआयएनआर दाबून ठेवणारा तोच. या अँटेनाची शलाका (तो नीट ऐकतो तो कोन) साधारण ६० अंश रुंद. मुख्य अक्षापासून सरकल्यावर होणारी घट काढायचं एक ढोबळ सूत्र आहे: १२ गुणिले (कोन भागिले शलाकेची रुंदी) याचा वर्ग. अँटेना १५ अंश उजवीकडे वळवला की आपल्या टॉवरचे फक्त ०.७५ डीबी जातात. दुसरा टॉवर मात्र ४० वरून ५५ अंशांवर जातो आणि त्याची घट ५.३ वरून १० डीबीवर पोहोचते. निव्वळ फायदा ४ डीबी. प्रत्यक्षातही तेच झालं: आरएसआरपी −९९, एसआयएनआर १४. डाउनलोड सकाळी ३० एमबीपीएसच्या आसपास, अपलोड ८ ते १०. टॉवरकडे तोंड न केलेला अँटेना बघणाऱ्याला वाकडा वाटतो, पण ही जागा सोडू नये.

रात्री ८ ते ११ मध्ये वेग पडतो, तेव्हा एसआयएनआर पाहा. तो तसाच असेल, अपलोडही ठीक असेल आणि फक्त डाउनलोड पडला असेल, तर ती टॉवरवरची गर्दी. तिथे अँटेना हतबल आहे. दुसरा सेक्टर किंवा दुसऱ्या ऑपरेटरचं सिम तपासावं.

बँडचं कुलूप अर्धंच लावलं: ३ आणि ५ चालू, ४० बंद, कारण ४० वर राउटर उगाच उडी मारून शून्याखालच्या एसआयएनआरवर अडकत होता. एकाच बँडला बांधलं तर टॉवरवर तो बंद पडताच घर पूर्ण अंधारात.

पुढचं काम

राउटर पागोळीखालच्या पेटीत नेला की ५ मीटरची केबल १ मीटरवर येईल आणि जवळपास २ डीबी परत मिळतील. पेटीची हवेची भोकं खाली तोंड करून, आणि पत्र्याला चिकटवून ती लावायची नाही, मे महिन्यात राउटर तापून वेग कापतो. खाली येईल फक्त बाहेर वापरायची इथरनेट केबल.

वीज त्याच केबलवरून. इथे स्वस्त १२ व्होल्टच्या पीओई (इथरनेटवरून वीज) जोडीचा मोह टाळा. २० मीटर तांब्याच्या कॅट-५ई मध्ये जाता-येता दोन-दोन तारा धरून अवरोध सुमारे १.७ ओहम. १ अँपिअर ओढला की वर पोहोचतात १०.३ व्होल्ट, आणि भार वाढला की राउटर रीबूट होतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत घट याहून जास्त. म्हणून ४८ व्होल्टचा ८०२.३एएफ (पीओईचं मानक) इंजेक्टर आणि वर १२ व्होल्ट देणारा स्प्लिटर. टोकाला सुमारे १३ वॅट मिळतात. राउटरवर १२ व्होल्ट २ अँपिअर छापलं असेल तर जास्त वॅटचा ८०२.३एटी घ्यावा.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचा जोर असतो. मास्टला स्वतंत्र अर्थिंग, घरात शिरण्यापूर्वी इथरनेटला सर्ज प्रोटेक्टर. जांभ्याची जमीन वाहकतेला वाईट, नुसती कांब ठोकून भागत नाही, कोळसा-मीठ घातलेला खड्डा करावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी सोडावं. थेट पडलेल्या विजेपुढे यातलं काहीच टिकत नाही, म्हणून गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवायची. प्रत्येक जोडावर टेप खालून वर गुंडाळायची, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी आत शिरत नाही. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा एक वळसा द्यायचा. पावसाळ्यात एसआयएनआर हळूहळू उतरत गेला आणि उन्हं पडल्यावरही वर आला नाही, तर पानांना दोष देण्याआधी अँटेनाजवळचा कनेक्टर उघडून आत हिरवट गंज आहे का ते पाहावं.